गिरधरभाऊंचा तेला

दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला जायचं, असं गिरधरने एका बुधवारी ऑफिसातून घरी येता येता ठरवून टाकलं. (सायकल पंक्चर झाल्यामुळे हातात धरून चालत होता, म्हणून विचाराला वेळ भरपूर मिळाला.)

गिरधर पाटबंधारे खात्यात कारकून. धुळ्याहून बदली होऊन जळगावात आला त्याला दोन वर्षं झाली होती. माणूस सरळ, पण डोकं तापायला क्षण लागत नसे. साहेबापुढे गिळलेला राग तो घरी आणून चपलेवर, पातेल्यावर, नाहीतर बायकोवर, म्हणजे लताबाईवर काढी. घरात बुद्धाची तसबीर, दर पौर्णिमेला वंदना, आणि आपल्याला मात्र पाच मिनिटं धड शांत बसता येत नाही, याची त्याला मनातून लाज वाटायची. ही लाज खरी होती, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे तो जे वागला, त्यावरून तुम्हाला ते पटायचं नाही.

दुसरं कारण वरच्या मजल्यावर राहत होतं. घरमालक दलिचंदशेठ यांच्या पत्नी सुगनबाई पर्युषणात अठ्ठाई करत होत्या. म्हणजे आठ दिवस अन्नाचा कण नाही, फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही दिवसाउजेडी. शेठजींना याचा कोण अभिमान! येता-जाता ते सांगत आणि येता-जाता गिरधर वाद घाली. उपासमारीने ज्ञान होत नसतं, बुद्धानेसुद्धा सहा वर्षं हाडं झिजवून पाहिली, शेवटी सुजाताची खीर खाल्ली तेव्हा कुठे ध्यान लागलं, मध्यम मार्ग म्हणतात तो हाच, असं त्याचं म्हणणं. (एवढ्या मोठ्या धम्मातून त्याने मुख्यतः खीर उचलली होती.)

लताबाईने शिबिराचं ऐकून घेतलं आणि पोळी लाटता लाटता अट घातली. आधी घरात तीन दिवस बसून दाखवा. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत मौन. लिहिणंसुद्धा बोलण्यातच धरणार, हवं तर मान हलवा. जमलं तर खुशाल शिबिराला जा. एक शब्द जरी तोंडातून निघाला, तर शिबिराला मी जाणार आणि रजा काढून घर तुम्ही सांभाळायचं.

"तीन दिवस? तीन महिने बसेन," गिरधर म्हणाला.

पहिला दिवस झकास गेला. पुढच्या खोलीत, जिन्याच्या दाराला लागून, पांढरी चादर अंथरून तो बसला आणि अकराच्या सुमारास घोरू लागला. घोरणं बोलण्यात धरायचं का, असा प्रश्न होता, पण लताबाईने मोठ्या मनाने सोडून दिलं. संध्याकाळी मौन सुटताच त्याने दुसऱ्या दिवशीची फर्माईश नोंदवली: शेवभाजी, वर बोटभर तर्री.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तेल संपलं. पोहे नाहीत, नुसता चहा. सुगनबाईंकडे पाहुण्यांची रीघ लागली होती, म्हणून लताबाई मदतीला वर निघाली आणि जाताना सांगून गेली, "कौतिकच्या दुकानातून त्याची बायको तेलाचं विचारायला येईल. तुम्ही नुसती मान हलवा, ती आणून देईल."

पण आधी आल्या झमकूबाई, शेठजींच्या थोरल्या बहीण. भावजयीची खुशाली विचारायला चाळीसगावहून सकाळच्या गाडीने आल्या होत्या. दृष्टी जराशी अधू. त्यांनी दारातून पाहिलं तर पर्युषणाचे दिवस, भावाचं घर, पांढरी चादर, आणि तिच्यावर मिटल्या डोळ्यांचा, ओढलेल्या चेहऱ्याचा एक माणूस. बाईंना दुसरं काय वाटणार? त्यांनी हात जोडून विचारलं, "तेला का, भाऊ?"

तीन दिवसांच्या उपवासाला तेला म्हणतात, हे गिरधरच्या गावीही नव्हतं. त्याला ऐकू आलं तेल. डोळे न उघडता त्याने मान हलवली, चांगली तीनदा.

"पाणी?"

मागच्या महिन्यात कौतिकच्या तेलात पाणी निघालं होतं आणि कढईतून उडालेले थेंब गिरधरच्या नव्या बनियनवर आले होते. त्याने इतक्या जोरात नकाराची मान हलवली, की झमकूबाई दचकून मागे सरल्या.

पाण्याचा थेंबही न घेता तेला! झमकूबाई गुडघे विसरून जिना चढल्या. पाच मिनिटांत दलिचंदशेठ अनवाणी खाली आले, अर्ध्या तासात गल्ली जमली, आणि दहा वाजेतो गिरधरच्या भोवती वीस-बावीस बायका बसून स्तवनं म्हणू लागल्या. कौतिकची बायको तेलाची बरणी बरोबर घेऊनच विचारायला आली, तिने हा थाट पाहिला, बरणी बाहेर ठेवली आणि मागच्या रांगेत हात जोडून बसली.

लताबाई खाली आली तेव्हा गिरधरने डोळे वटारून तिला पोट दाखवलं. शेठजींनी लगेच सगळ्यांना समजावलं की भाऊ सांगतात, देह नाशिवंत आहे. लताबाईला झमकूबाईंकडून सगळा प्रकार कळला होता. ती नवऱ्याच्या कानाशी वाकून हळूच म्हणाली, "एक शब्द बोला, सगळे उठून जातील." आणि पदराआड हसत बसून राहिली.

गिरधर श्वासाकडे बघू लागला. प्रत्येक श्वासाबरोबर शेजारच्या घरातल्या कांदा-लसणाच्या फोडणीचा वास आत येत होता. बारा वाजले, एक वाजला. राग आला. आयुष्यात पहिल्यांदाच राग येताना त्याला दिसला, आणि त्याला क्षणभर खरंच आनंद झाला. पण राग आला तो तिथेच फतकल मारून बसला.

दोनच्या सुमाराला दलिचंदशेठ उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. "गिरधरभाऊ, वाद घालत होतात आणि मनात तप धरून बसला होतात. मी हरलो. उद्यापासून मीही तेला करतो, बिनपाण्याचा."

शेठजींना साखरेचा आजार, रोज सकाळी इंजेक्शन, हे गल्लीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. लताबाईचं हसू मावळलं. ती उठणार, तोच गिरधरने डोळे उघडले आणि धुळ्याकडच्या त्याच्या गावाची बोली त्याच्या तोंडातून धो धो बाहेर पडली.

"तेला नही, शेठ! तेल, तेल! शेवभाजीनं तेल! भूक लागनी शे माले!"

आधी कुणाला काही कळेना. मग वरून हसू ऐकू आलं. सुगनबाई कठड्याला धरून जिना उतरत होत्या. त्यांचा सातवा दिवस होता आणि चेहरा तुमच्या-आमच्यापेक्षा ताजा. सात दिवसांत आज पहिल्यांदा पोट दुखलं, म्हणाल्या, तेही हसून. त्यांनी नवऱ्याला तेल्याचं नाव पुन्हा काढायचं नाही म्हणून बजावलं, ओशाळलेल्या नणंदेला जवळ बसवलं आणि लताबाईला आधी गिरधरभाऊंचं ताट वाढायला लावलं.

जेवता जेवता गिरधरने माफी मागितली आणि विचारलं, की ही भूक तुम्हाला सोसते तरी कशी?

"भूक येते, मी तिच्याकडे बघत बसते, ती जाते," सुगनबाई म्हणाल्या. "तुमचं श्वासाचं असंच असतं ना?"

गिरधरने नुसती मान हलवली. तोंडात भाकरी होती.

शेठजींच्या जिवासाठी आपण मौन मोडलं, असं तो आजही सांगतो. मग त्यात शेवभाजी कुठून आली, असं लताबाई विचारते.

अटीप्रमाणे दिवाळीनंतर लताबाई शिबिराला गेली आणि गिरधरने रजा टाकली. दोन दिवस तो खानावळीत जेवला, तिसऱ्या दिवशी पोटाने संप पुकारला. मग त्याने स्वतः स्टोव्ह पेटवला आणि परिस्थिती आणखी बिघडली. भाकरी एक तर करपे, नाहीतर थापतानाच तुटे. शेवटचे चार दिवस त्याने मुरमुरे आणि चहावर काढले.

बाराव्या दिवशी सकाळी लताबाई रिक्षातून उतरली. चेहरा शांत, गाल भरलेले, चाल संथ. दारात गिरधर उभा होता, खोल गेलेले डोळे, वाढलेली दाढी, सैल पडलेला लेंगा. दलिचंदशेठ पंधरा दिवस धुळ्याच्या दुकानावर होते, ते त्याच वेळी घरी पोचले. त्यांनी दोघांकडे नीट पाहिलं आणि पिशवी खाली ठेवून गिरधरला हात जोडले.

"शिबिर भलतंच कडक दिसतं, भाऊ," ते म्हणाले. मग लताबाईकडे वळले. "आणि तुम्ही ताई, माहेरी जाऊन आलात वाटतं?"