घड्याळानं पाडलेली धोंडाबाई

धोंडाबाईनं भाताची पेंढी डोक्यावर उचलली, खळ्यातल्या फळीवर दाणकन आपटली आणि तिकडे तळेगावात तिच्या लेकाला कळलं, की आई पडली.

ही करामत तिच्या मनगटावरच्या घड्याळाची. बेडसे गावातलं घर सोडून लेकाच्या फ्लॅटवर जायला धोंडाबाई काही केल्या तयार नव्हती, म्हणून सत्यमनं दिवाळीत हे घड्याळ तिच्या हातात चढवलं. माणूस पडलं की ते आपणहून लेकाला कळवतं. अट अशी ठरली होती, की आईनं खुशाल गावात एकटीनं राहावं. पण एकदा जरी पडली, तर गुमान बोचकं बांधायचं. धोंडाबाईनं अट लगेच मान्य केली, कारण पडायचा तिचा बिलकूल विचार नव्हता.

पण घड्याळाला झोडणी काय ठाऊक? हात जोरात खाली आला, दणका बसला, म्हणजे बाई आपटली, एवढीच त्याची अक्कल. ते मनगटावर थरथरलं. धोंडाबाईनं त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही आणि दुसरी पेंढी उचलली.

थोड्या वेळानं शेजारचा गेणू धापा टाकत आला. मागं दोघं जण बाज घेऊन.

"आक्का, कुटं लागलं?"

"कुणाला?"

"तुला. सत्यमचा फोन आलता. तू पडलीस म्हनं, आन् फोन बी उचलंनास."

"फोन घरात हाय. आन् मी हितं उभी हाय, दिसत न्हाई व्हय?"

गेणूला दिसत होतं, पण बाज रिकामी परत न्यायचं त्याच्या जिवावर आलं. "जरा पडतीस का बाजंवर? एवढी आनलीया तर."

"आनली तशी ठेव बाजूला. मानसास्नी सांगून सांगून मी थकले, एक येईना झोडायला. आलाच हाय तर तिगं बी पेंढ्या घ्या."

बातमी गावात फिरता फिरता धोंडाबाईचं कंबरडं मोडलं, आणि वरच्या आळीला पोचेपर्यंत ती पार गेलीच होती. तिथली रतनबाई डोळ्याला पदर लावूनच आली. "लय चांगली होती गं माजी बाय..."

"होती न्हाई, हाय," धोंडाबाई म्हणाली. "सूप घे आन् पाखडाया लाग."

सत्यमची गाडी आली तेव्हा खळं माणसांनी भरलेलं होतं. तो आणि त्याची बायको सविता धावतच उतरले. आई उभी दिसली तसा त्याचा जीव भांड्यात पडला, पण हट्ट सुटला नाही.

"आई, अट ठरली होती. घड्याळ पडलीस म्हणतंय."

धोंडाबाईच्या डोळ्यापुढं लेकाचा फ्लॅट आला. चौथ्या मजल्यावर दार लावून दिवसभर बसायचं, बोलायचं कुणाशी? मग तिला संतापच आला. "तुला जन्म दिलेली आय खोटी आन् इकत घेतलेलं घड्याळ खरं व्हय रं? तुज्या बी हातात तसलंच हाय ना? घे पेंढी."

नोकरी लागल्यापासून सत्यमनं पेंढीला हात लावला नव्हता. पण सगळे बघत होते, म्हणून त्यानं जीव खाऊन आपटली. एक, दोन, तीन. मनगट थरथरलं. निरोप जायच्या आत तो ते थांबवायला गेला, पण घामानं आणि भुसानं भरलेल्या बोटाला घड्याळ काही दाद देईना. तेवढ्यात शेजारी उभ्या सविताचा फोन वाजला.

तिनं वाचलं. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही पडलात."

गेणूनं मुकाट्यानं बाज पुढं सरकवली.

"अट म्हंजी अट," धोंडाबाई म्हणाली. "सविता, बोचकं बांध गं ह्येचं. ह्यो आता आयजवळ ऱ्हानार."

खळ्यात हसू फुटलं. सत्यम बाजेवर टेकला आणि त्यालाही हसू आवरेना. "हरलो. राहा तू इथंच. पण ते घड्याळ दे इकडं, माझ्या जिवाला घोर नको."

धोंडाबाईनं खळ्याकडे नजर टाकली. भाताची रास लागली होती, रतनबाई पाखडत होती, गेणूची माणसं पेंढा रचत होती. तिनं हात मागं घेतला.

"हात लावू नगंस," ती म्हणाली. "उद्या वरच्या वावरातलं झोडायचं हाय."