वीतभर बांध

खलनायक कसा लिहावा हे मला कुणी शिकवू नये. रजा टाकून मी नॉयरच्या, म्हणजे त्या जुन्या काळ्या-पांढऱ्या गुन्हेपटांच्या, दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आलोय! खलनायकाच्या अर्ध्या तोंडावर उजेड, अर्ध्यावर सावली. कबुली त्यानं स्वतःच द्यायची, आणि ती अशी, की ऐकणाऱ्याला त्याचंच पटावं.

दिवाळी अंकाच्या स्पर्धेसाठी मी खून घेतला नाही. खून कुणीही लिहितो. मी शेताचा बांध घेतला.

रविवारी दुपारी शहरातल्या माझ्या पडेगावच्या घरात खिडक्या लावल्या, टेबलावरच्या दिव्याचा उजेड एका गालावर घेतला आणि मोबाईलमध्ये घोगऱ्या आवाजात बोललो, "दर साली मी भावाचा वीतभर बांध कोरला. त्याला कळलं नाही. तो मला भाऊ समजत होता."

"घसा धरला का हो तुमचा?" दारातून माझी बायको रत्नमाला म्हणाली.

मी दचकलो, बोट घसरलं आणि शिबिराच्या ग्रुपवर पाठवायची कबुली भावकीच्या ग्रुपवर गेली. पुसेपर्यंत सतरा जणांनी ऐकली होती. सगळ्यात आधी फुलंब्रीच्या नानासाहेबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं. त्याचा लगेच फोन आला.

"सोमनाथ, शेतात ये."

"दादा, ती गोष्ट हाय."

"व्हय, गोष्टच. दोरी लावून बघू."

आमची शेतं शेजारी. दोन्ही टोकांच्या हद्दीच्या दगडांना दोरी बांधून ताणली. मी हसतच होतो. मग खाली पाहिलं. मधोमध बांध दादाच्या रानात दोन हात सरकलेला होता.

"तुझ्या ट्रॅक्टरवाल्याला काय सांगतो तू?" दादानं विचारलं.

दर साली मी शहरातून फोनवर एवढंच सांगायचो, "नांगर जरा बांधाच्या कडेनं घे." याला मी शेतीतली हुशारी समजत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादानं दगडाची दोरी सोडली. "तुझ्या गोष्टीतला तो माणूस माती परत देतो का?"

"नाय. नॉयरमध्ये शेवट वाईटच असतो."

"मंग शेवट बदल," तो दोरी गुंडाळत म्हणाला. "मला भाऊ एकच हाय."

आठवडाभर कुदळ मारून मी बांध दोरीत आणला. हाताला फोड आले. गोष्टीचा शेवटही तसाच, खराखुरा लिहून पाठवला.

गेल्या आठवड्यात गोष्ट साभार परत आली. संपादकांचा शेरा होता, "खलनायक अस्सल. पण असा माणूस माती परत देईल, हे पटत नाही."

शेरा मी दादाला दाखवलेला नाही. माझ्या ट्रॅक्टरवाल्याला फोन मात्र आता तोच करतो.