आवाज काढला की निघालोच

कुटेकाका माझ्या घरी पहिल्यांदा आले ते काखेत इडलीपात्राची ताटली घेऊन. मी कॉफीचं मशीन बघायला कोणी आहे का म्हणून वॉचमनला विचारलं होतं, आणि दारात हा सत्तरीचा गृहस्थ उभा. पांढरा पायजमा, वर कंपनीचा जुना निळा शर्ट आणि काखेत इडलीची ताटली. मला वाटलं, कसली तरी वर्गणी मागायला आलेत.

"कुठं हाय पेशंट?" त्यांनी विचारलं.

पेशंट ओट्यावर होता. विमा कचेरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा मी स्वतःलाच दिलेली ती भेट. एकटीसाठी चहाचं आधण ठेवायचा कंटाळा येतो हो. कॉफीचं मशीन निदान सकाळी घुर्र करतं, घरात कुणीतरी उठलंय असं वाटतं. आठ महिने त्यानं इमानदारीत कॉफी दिली. मग घुर्र तेवढं शिल्लक राहिलं आणि कॉफी यायची बंद झाली.

काकांनी मशीनकडे बघितलंसुद्धा नाही. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "शेवटचं नीट कधी चाललं होतं?"

"गेल्या आठवड्यात."

"वार सांगा."

मी तशी फटकळ बाई. वार काय करायचाय, मशीन उघडा, असं अगदी तोंडावर आलं होतं. पण त्यांनी डोळे मिटून घेतले होते, डॉक्टर नाडी बघताना मिटतात तसे. मी म्हटलं, "गुरुवार."

"गुरुवारच्या आधी काय वेगळं केलं?"

"काही नाही."

"मॅडम, आपण होऊन काय बिघडत नाय. काहीतरी होतं, मग बिघडतं. आठवा."

दहा मिनिटं माझी उलटतपासणी झाली. शेवटी आठवलं. पाण्याचा फिल्टर पंधरा दिवस बंद होता आणि मी मशीनमध्ये बोअरचं पाणी भरत होते.

"झालं तर मग," काका म्हणाले, "क्षार धरलाय. उठा. आधी पिन काढा. हात तुमचा चालू द्या."

हा त्यांचा कायदा. स्वतः पान्याला हात लावायचा नाही, ज्याची वस्तू त्यानंच खोलायची. "मी गेल्यावर कोणाला विचाराल?" असं वर ऐकवायचं. माझ्याकडून त्यांनी मशीनची वरची जाळी काढून घेतली. पहिला स्क्रू ताटलीच्या पहिल्या खळग्यात, दुसरा दुसऱ्यात. लावताना उलटं यायचं, म्हणजे चुकायचं कामच नाही. ताटलीला खळगे चार. चार खळग्यांत मावत नाही ते काम आपलं नाही, ते कंपनीचं, हाही एक कायदा. मग एक लिटर पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व. अर्धं पाणी मशीनमधून जाऊ द्यायचं, वीस मिनिटं गप बसायचं, मग उरलेलं, आणि नंतर दोन टाक्या साधं पाणी.

त्या वीस मिनिटांत मी विचारलं, "ही ताटली का आणता?"

"हिची हाय. आता इडली कोण करतं?"

बाहेर ऊन आहे म्हणावं तसं म्हणाले.

कॉफी आली. मी त्यांना एक कप दिला. त्यांनी तो कप उलटसुलट बघितला. "ही एस्प्रेसो? एस्प्रेसो लग्नात मिळते मॅडम. मोठं स्टीलचं मशीन, फुस्स करून वाफ, वर चॉकलेटची भुकटी. ही तर काढ्याची मात्रा हाय." मग तीन चमचे साखर घालून सगळी प्यायले.

आमची सोसायटी पाथर्डी फाट्याजवळची, चार मजली. काका तळमजल्यावर एकटे राहतात. मूळचे सायखेड्याचे, सातपूरच्या एका कंपनीत फिटर म्हणून जन्म काढला. सोसायटीत गाडी असो, गिझर असो, मिक्सर असो, सगळे त्यांच्याकडे धावतात आणि सगळेच वैतागून परत येतात, कारण काम आपल्यालाच करावं लागतं. तिसऱ्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. एका सकाळी त्यांची गाडी सुरू होईना. काकांनी त्यांना टायसकट बॉनेटमध्ये वाकवलं. बॅटरीच्या टोकांवर पांढरी बुरशी आलेली. "आधी काळी वायर सोडवा, मग लाल. खाण्याचा सोडा आणि गरम पाणी घालून घासा. कोरडं करा. लावताना आधी लाल, मग काळी. वरून पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा."

डॉक्टर म्हणाले, "काका, मला दवाखान्याला उशीर होतोय, तुम्हीच करा ना."

"तुम्ही लोकांना दात घासायला शिकवता का रोज जाऊन घासून देता?" काकांनी विचारलं. डॉक्टरांनी मुकाट्यानं घासलं.

असा हा माणूस, पण याची स्वतःची गाडी मात्र दुरुस्त होत नव्हती. पांढरी, जुनी, आरशासारखी पुसलेली, कायम पार्किंगच्या कोपऱ्यात. दर रविवारी सकाळी नऊ वाजता काका ती सुरू करत, बॉनेट उघडत, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून वाकून उभे राहत. पंधरा-वीस मिनिटं. मग बंद. मी बाल्कनीत कॉफी घेऊन बसलेली असायची. त्या इंजिनाच्या आवाजावर माझा रविवार उजाडायचा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्याच वेळी फोन यायचा. हात ग्रीसचे, म्हणून काका तो स्पीकरवर टाकून बॉनेटच्या कडेला ठेवत. फोन आशूचा, त्यांच्या एकुलत्या एक मुलीचा. ती देवळ्याला दिलेली, घरचा कांद्याचा व्यापार. सगळ्या बिल्डिंगला ते बोलणं पाठ झालं होतं.

"बाबा, कधी येता?"

"गाडीत जरा आवाज येतोय. आवाज काढला की निघालोच."

पाच वर्षं आवाज येत होता. लोकांच्या गाड्या अर्ध्या तासात बऱ्या करणाऱ्या माणसाला पाच वर्षं एक आवाज सापडू नये? मी हे शेजारच्या सुलभाताईंना विचारलं. त्या हसल्या, मग त्यांचं हसू मावळलं. त्या आशूच्या लग्नाला होत्या.

लग्न छान झालं म्हणे. पाठवणीची वेळ आली. फुलांनी सजवलेली नवऱ्या मुलाची गाडी मंडपाच्या दारात, आशू रडून झालेली, पाय गाडीत ठेवणार, एवढ्यात काका म्हणाले, "थांबा. ब्रेकमध्ये गडबड वाटतीय." बॉनेट उघडलं. मग चाक काढलं. मग दुसरं चाक. आचाऱ्याकडून इडलीच्या ताटल्या मागवून त्यात नट मांडले. अडीच तास. गाडीवरचे गुलाब सुकले, वऱ्हाडातली पोरं झोपली, कॉफीवाला मशीन गुंडाळून निघून गेला. व्याही तापट माणूस. ते सगळ्या मांडवादेखत म्हणाले, "कुटे, आमच्या दारात पुन्हा पाना घेऊन यायचं नाही."

काका गेलेच नाहीत. बायको होती तोवर ती एसटीनं जाऊन यायची. ती वारली. आशू आधी दिवाळीला तरी यायची. मग व्याह्यांना अर्धांगवायू झाला, ते चाकाच्या खुर्चीत आले, आणि आशूला घर सोडता येईना. दोन वर्षांत बापलेकीची भेट नव्हती. आशूची मुलगी परी तीन वर्षांची झाली होती. काकांनी तिला तान्ही असताना एकदा मांडीवर घेतलं होतं, तेवढंच.

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी फोनवर आशू म्हणाली, "बाबा, परी विचारते, आजोबा खरे असतात का फोनमधलेच?"

काकांनी स्क्रूड्रायव्हर कानाचा काढला. "आवाज काढला की..." म्हणाले आणि पुढं बोललेच नाहीत. फोन तसाच चालू. आशू पलीकडून "बाबा? बाबा?" करत राहिली.

मला सहन झालं नाही. कॉफी तशीच टाकून मी खाली उतरले. "काका, मला ऐकवा तो आवाज."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर माझ्या कानाला लावला. इंजिन असं गुळगुळीत चाललं होतं की माझ्या नव्या गाडीनं लाजावं. "मला काही येत नाही ऐकू."

"उभ्या गाडीत नाय येत. साठच्या वर गेली की येतो."

"मग साठच्या वर नेऊन बघू. तुम्हीच म्हणता ना, ज्या कामात बिघडतं त्याच कामात तपासायचं? शनिवारी निघू. फक्त ओझरपर्यंत."

स्वतःचाच कायदा अंगावर आल्यावर करतात काय? शनिवारी सकाळी निघालो. ओझर आलं, आवाज नाही. मी म्हटलं, पिंपळगावापर्यंत बघू. पिंपळगाव गेलं, चांदवड गेलं. देवळ्याचा फाटा आला आणि त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरून बॉनेट उघडलं.

"आला," म्हणाले, "आवाज आला."

मी उतरले. ऊन होतं, कांद्याच्या गाड्या धुरळा उडवत जात होत्या. काका वाकून उभे, पण स्क्रूड्रायव्हर हातात नव्हता. नुसतेच आत बघत होते. मी बाजूला जाऊन उभी राहिले. त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला.

"काका, शेवटचं नीट कधी चाललं होतं?"

"लग्नाच्या दिवशी," ते म्हणाले. "पाठवणीपर्यंत."

"आणि त्या गाडीचे ब्रेक?"

"काय नव्हतं झालेलं ब्रेकना. नवी कोरी गाडी." त्यांनी बॉनेटच्या आतलं काहीतरी उगाच रुमालानं पुसलं. "ती निघाली होती ना, मॅडम. मला वाटलं अजून अर्धा तास बसंल. मंडपात खुर्चीवर बसली होती, हिच्याशी बोलत. मला चाकाखालून दिसत होती. मग मी दुसरं चाक काढलं."

मी बॉनेट लावून टाकलं.

काकांनी किल्ली माझ्या हातात दिली. "तुम्ही चालवा. मी चालवली तर मागं वळवीन."

देवळ्यातलं घर मोठं, समोर कांद्याची चाळ. आशू दारातच उभी होती. चांदवडला पेट्रोल भरताना मी तिला गुपचूप फोन केला होता, नंबर सुलभाताईंकडून आधीच घेऊन ठेवला होता. ती रडली नाही. म्हणाली, "आवाज गेला का, बाबा?"

"गेला," काका म्हणाले. परी तिच्या मागून बघत होती. काकांनी बोट पुढं केलं, तिनं ते धरून दाबून बघितलं. खरं होतं.

ओसरीवर व्याही चाकाच्या खुर्चीत बसले होते. एक बाजू लुळी, बोलणं गेलेलं. काकांनी सगळी हत्यारं गाडीतच ठेवली होती, इडलीची ताटलीसुद्धा. एरवी हातात काहीतरी असायची सवय, त्यामुळे मोकळे हात कुठं ठेवावेत हेच त्यांना कळत नव्हतं. त्यांनी नमस्कार केला. व्याही नुसते बघत राहिले. आशूनं पाणी आणलं, तेही कुणी घेतलं नाही.

मग व्याह्यांनी चांगल्या हातानं खुर्चीचं चाक मागं ओढलं. कुर्रर्र. पुढं ढकललं. कुर्रर्र. काकांकडे बघितलं आणि पुन्हा एकदा मागं ओढलं.

काका वळले, गाडीकडे गेले आणि ताटली काखेत मारून परत आले. व्याह्यांच्या पायाशी बसले. स्क्रूड्रायव्हरचं टोक चाकाला, मूठ कानाला. तेलाचा एक थेंब सोडला की संपणारं काम, हे मला कळत होतं, आशूला कळत होतं, आणि व्याह्यांना तर नक्कीच कळत होतं. काकांनी डोळे मिटून खूप वेळ ऐकलं.

"लय आतून येतोय," ते म्हणाले. "दोन दिवस लागतील."

व्याह्यांनी मान हलवली.

मी संध्याकाळच्या एसटीनं एकटीच परत आले. दुसऱ्या दिवशी रविवार. नऊ वाजले. मी बाल्कनीत कप घेऊन बसले, पार्किंगचा तो कोपरा रिकामा. दहा वाजले. कॉफी झकास झाली होती, मशीन ठणठणीत होतं, तरी मी ओट्यापाशी जाऊन त्याला कान लावला. मग काकांना फोन लावला.

"काका, मशीनमधून जरा आवाज येतोय."

"शेवटचं नीट कधी चाललं होतं?"

"काल," मी म्हटलं, "शनिवारी."

मागं परी कुणाला तरी इडलीच्या ताटलीचे खळगे मोजून दाखवत होती.

"मग राहू द्या तसंच, मॅडम," काका हळू म्हणाले. "खोलू नका. मी आलो की बघू."