मंगोल माघारी का वळले?

सन १९४६ साली सांगलीत मंगोलांविषयी खात्रीलायक माहिती असलेला इसम एकच होता, आणि त्याचं ऐकून घेईल असा इसम एकही नव्हता. हायस्कुलातून निवृत्त झालेले तात्या सोमण यांनी उभी हयात मध्य आशियाच्या गवताळ मैदानांत काढली होती. अर्थात घरच्या आरामखुर्चीत बसून. त्यासाठी ते फारसी शिकले, रशियन शिकले, मंगोल पीत तसं घोडीचं दूध मिळेल का म्हणून टांगेवाल्याकडे गेले आणि शिव्या खाऊन परत आले. अखेर त्यांना शोध लागला. सातशे वर्षांपूर्वी अर्धी दुनिया तुडवत हंगेरीपर्यंत पोचलेले मंगोल घोडेस्वार एकाएकी माघारी का वळले, याचं खरं कारण जगात फक्त तात्यांना कळलं होतं.

ते कुणाला तरी सांगावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. एक दिवस त्यांनी पत्नीला, विनोदिनीबाईंना, सांगायला सुरुवात केली. त्या म्हणाल्या, "वळले ना माघारी? मग झालं तर. आता तुम्ही रेशनच्या दुकानाकडे वळा."

म्हणूनच कडेगावच्या वाचनालयाने व्याख्यानाला बोलावलं तेव्हा तात्यांना गहिवरून आलं.

कडेगावात मांडव भरगच्च होता. अध्यक्ष होते सुभेदार जोतीराम, लढाईत इराणपर्यंत जाऊन आलेले. वाचनालयाचे चिटणीस नाथाजी यांनी तात्यांचा परिचय 'घोड्यांचे थोर डॉक्टर' असा करून दिला. मग हार झाले. वरच्या आळीचा हार आधी पडला म्हणून खालची आळी रुसली. तिची समजूत काढण्यासाठी तिला फेटा बांधण्याचा मान देण्यात आला. तेव्हा वरच्या आळीने त्या फेट्यावर आपला फेटा बांधला. तात्यांना समोरचं काही दिसेना, पण मंगोल स्वच्छ दिसत होते. ते तसेच उठून उभे राहिले.

"सज्जनहो, मंगोल माघारी वळले, कारण—"

"आवं तात्या, दमा की जरा," नाथाजी म्हणाले. "अध्यक्षांचं ऱ्हायलंय अजून."

अध्यक्षांनी इराणात खाल्लेल्या एका कलिंगडाचं वर्णन सुरू केलं. कलिंगड एवढं मोठं निघालं, की ते संपेस्तोवर म्हशींच्या धारांची वेळ झाली आणि मांडव उठू लागला. आता व्याख्यानच झालं नाही, तर इतिवृत्तात लिहायचं काय? पण सुभेदार पलटणीत मुरलेले होते. वाचनालयाच्या वार्षिक सभेत अहवाल वाचायला वेळ नसला, की 'अहवाल वाचला असे समजण्यात यावे' असा ठराव होत असे. त्याच धर्तीवर त्यांनी ठराव मांडला: 'विद्वान वक्त्यांचे व्याख्यान झाले व ते अतिशय आवडले, असे समजण्यात यावे.' ठराव एकमताने मंजूर झाला.

"अहो, पण मी बोललोच नाही!" तात्या फेट्यातून ओरडले.

"त्येची काळजी नगं," नाथाजींनी त्यांच्या हातात नारळ ठेवला. "लय ग्वाड झालं म्हंत्यात समदी."

व्याख्यानाची कीर्ती पसरली आणि विट्याने बोलावलं. कडेगावला एवढं गाजलेलं भाषण पुन्हा करायला लावून पाहुण्यांना शिणवायचं कशाला, म्हणून तिथे कार्यक्रमाची सुरुवात थेट आभारांनी झाली. मलकापूरकरांनी तर तात्यांना यायचीही तसदी दिली नाही. त्यांनी फेटा पोस्टाने पाठवला.

वर्षभरात तात्या जिल्ह्यातले सर्वांत गाजलेले वक्ते झाले. साताऱ्यात त्यांचा जाहीर सत्कार ठरला, गावोगावचे चाहते जमले, आणि तिथे मात्र तात्यांचा धीर सुटला. हार घेऊन आलेल्या नाथाजींना बाजूला सारून त्यांनी लाउडस्पीकर धरला.

"मी आजवर एक अक्षर बोललेलो नाही! मंगोल का वळले, हे तुमच्यापैकी एकालाही ठाऊक नाही!"

सुभेदार जोतीराम सावकाश उठले. "म्हंजे आमी खोटा ठराव केला व्हय?"

कडेगावहून ओवाळायला आलेल्या चंद्राबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "माज्या कानांनी ऐकलंय म्या. रडू आलं हुतं मला."

वाद नको म्हणून लोकशाही मार्गाने निर्णय घेण्याचं ठरलं. ज्यांनी तात्यांचं व्याख्यान ऐकलं आहे त्यांनी हात वर करावेत. सगळा मांडव हात वर करून बसला. ज्यांनी त्यांना पूर्वी कधी पाहिलंही नव्हतं, त्यांचे हात जरा जास्तच वर होते.

"वय झालं की इसरतंय मानूस," नाथाजी मायेने तात्यांच्या कानात म्हणाले.

तात्यांना खरोखरच रडू आलं. जन्मभराचं काम एका वाक्यात मावत होतं, आणि ते वाक्य ठेवायला जिल्ह्यात कुठेच जागा नव्हती. त्यांनी त्या हातांकडे पाहिलं, डोळे पुसले आणि हळूच आपलाही हात वर केला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

सातारकरांना हसू नका. मथळ्यातच प्रश्न विचारून मी तुम्हाला इथवर आणलं, आणि तुम्ही फेट्यांत नि कलिंगडात रमलात. मंगोलांची चौकशी कुणी केली नाही. उद्या चारचौघांत कुणी विचारलं, की तात्या सोमणांचा तो शोध कुणीकुणी वाचलाय, तर तुमचा हात खाली राहील?