चुरींचा पिक्चर

गॅसगळतीच्या सरावाचा भोंगा वाजला, आम्ही सगळे मैदानात धावलो आणि आमचे सुरक्षा अधिकारी वसंत चुरी डोक्यावर पिवळं हेल्मेट, कमरेवर हात अशा थाटात चक्क नाचायला लागले. बोईसरच्या त्या रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेतला माझा तो दुसरा दिवस. मी आ वासून बघत राहिले. या माणसाला खरोखरच गॅस लागलाय, असं मला वाटलं.

“सीन बगा!” चुरीसाहेब ओरडले. “हिरॉइन छत्री घेऊन टेकडीवर गाणं म्हणतेय. वारा येतो, छत्री उलटी होऊन तिच्याच तोंडावर बसते. काय चुकलं?”

“हवा की दिशा नहीं देखी, साब!” मागच्या रांगेतून फोर्कलिफ्टवाला यादव म्हणाला.

“शाब्बास! गॅस सुटला की आदी वारा कुठून येतो ते बगायचं. मग पळायचं.”

हा पिक्चर म्हणजे एक जुना, हलकाफुलका, दर दहा मिनिटांनी गाणं असलेला प्रेमाचा पिक्चर. आमच्याकडे त्याला सगळे ‘चुरींचा पिक्चर’च म्हणत. तो पाहिलेला कुणीच नव्हता, पण सीन सगळ्यांना पाठ. हिरो गुलाब घेऊन हिरॉइनच्या गॅलरीला शिडी लावतो आणि दुसऱ्या कडव्याला धपकन पडतो. का? एका हातात गुलाब, म्हणजे शिडीला एकच हात. खाडीच्या होडीत दोघं एकदम नाचायला उठतात, तिची एक चप्पल पाण्यात, हा मागोमाग कपड्यांसकट पाण्यात. का? वजन एका बाजूला गेलं.

एरवी हा माणूस कमालीचा गंभीर. शिरगावहून यायचा, डबा एकटाच खायचा, कुणाच्या विनोदाला हसायचा नाही. त्यामुळे तो लाजून नसलेला पदर बोटाला गुंडाळायला लागला की दर वेळी नव्याने धक्का बसायचा. एकदा मुंबईहून मोठे साहेब तपासणीला आले. चुरीसाहेबांनी त्यांना हात धरून जिन्याच्या वरच्या पायरीवर उभं केलं, खाली स्वतः गुडघा टेकला आणि म्हणाले, “सर, तुमी हिरॉइन.” आमचे मॅनेजर पांढरेफटक पडले. मोठ्या साहेबांनी टाय सारखा केला. मग हळूच म्हणाले, “बरं, मग पुढे काय होतं?”

चुरीसाहेब निवृत्त होणार, तेव्हा त्यांना काय द्यायचं यावर बरीच चर्चा झाली. घड्याळ नको, शाल नको. मी म्हटलं, त्यांचा पिक्चर दाखवू या. सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या. नाव चुरीसाहेबांनीच कितीदा तरी सांगितलेलं. मी खटपट करून तो पेनड्राइव्हवर मिळवला. दुपारी कँटीनच्या भिंतीवर पांढरी चादर लावली आणि चुरीसाहेबांना पहिल्या खुर्चीत बसवलं.

पडद्यावर नाव आलं तेव्हा त्यांनी एकदा वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आनंदाने.

पिक्चर सुरू झाला. छत्रीचं गाणं आलं, छत्री उलटी झाली, सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. पुढचं गाणं बर्फात. त्यानंतरचं आगगाडीत. मध्यंतर झालं, शेवट आला तरी शिडी नाही, गॅलरी नाही. खाडी तर सोडाच, त्या पिक्चरमध्ये डबकंसुद्धा नव्हतं. कँटीनमध्ये कुजबुज सुरू झाली. मी भलताच पिक्चर आणला की काय? घाम फुटला मला. पण नाव तेच, छत्रीही तीच. मी पहिल्या खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामी होती.

चुरीसाहेब बाहेर बदामाच्या झाडाखाली बाकावर बसले होते. मी माफी मागायला लागले.

“बसा मॅडम. तुमचं काय चुकलं नाय. पिक्चर तोच हाय.”

“मग ते सगळे सीन?”

“मंदाचे.” मंदा म्हणजे त्यांची बायको. ती वारल्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. “मनोरच्या बाजारात तंबूत पिक्चर लागलेला. ती तवा शाळेत. घरी न सांगता गेली. छत्रीचं गाणं संपलं नि भाऊ आला, हाताला धरून घेऊन गेला. तेवढाच बगितला तिनं. पण मला लग्नानंतर रोज संद्याकाळी भाकऱ्या थापताना एक सीन सांगायची. मी म्हणायचो, केवढा मोठा पिक्चर हाय हा!”

“तुम्हाला कळलं कधी?”

“एकदा टीव्हीवर लागला. ती माहेरी गेलेली. मी आख्खा बगितला. शेवटपर्यंत वाट बगत बसलो, आता शिडी येल, मग येल.”

“मग त्यांना विचारलंत?”

चुरीसाहेब माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच वेडी. “विचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी सीन आला असता का? ती परत आली, तवा पाटावर बसलो नि म्हटलं, मग पुढं काय झालं?”

एवढ्यात कँटीनचं दार उघडलं आणि यादव तणतणत बाहेर आला. मागे आणखी सात-आठ जण. “मॅडमजी, ये क्या लाए आप? इसमें तो वो बोटवाला सीन ही नहीं है!”

चुरीसाहेब खाली मान घालून बसले होते. मी उठले.

“कापलेली कॉपी मिळाली रे,” मी म्हटलं. “चांगले चांगले सीन सगळे उडवलेत.”

“वही तो!” यादव चिडून म्हणाला. “साब झूठ थोड़े ही बोलेंगे!” आणि सगळे त्या कापणाऱ्याला शिव्या घालत समोसे खायला आत गेले.

कँटीनचं दार बंद झालं. मग चुरीसाहेब हळू आवाजात म्हणाले, “ती गेल्यापासून नवीन सीन मलाच करायला लागतात. होडीचा माजा हाय. तिच्यासारका नाय जमला.”

“चांगला जमलाय,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग हात पुढे केला.

“मॅडम, तो पेनड्राइव्ह माज्याकडं देता? उगाच आणखी कुणी बगायला नको.”

मी आत जाऊन तो काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला.