स्नानगृहांचे डॉक्टर आणि माझं मौन

माझ्या मौनानं आजवर मुंगीचंही नुकसान झालेलं नाही, असं मी छातीठोकपणे सांगत असे. रोज सकाळी नऊ ते दहा मौन! गेली अकरा वर्षं, तापात, पाहुण्यांच्या गर्दीत, घर बदलण्याच्या धांदलीतही एक दिवस चुकला नव्हता. आणि मौन म्हणजे कडक हं! बोलायचं नाही, लिहायचं नाही, खुणासुद्धा करायच्या नाहीत. खुणा म्हणजे हातानं केलेली बडबडच की! जपमाळ ओढायची आणि चेहरा प्रसन्न ठेवायचा, बस्स.

आता आमच्या घरातल्या दोन डॉक्टरांविषयी.

मुलगा परदेशातून डॉक्टरेट घेऊन आला. विषय, सार्वजनिक स्नानगृहांचा इतिहास. त्यासाठी सहा वर्षं तिकडे राहिला, आणि परत आल्यावर आमच्याच न्हाणीघरातला गळका नळ काही त्याला बंद करता येईना! तरी त्याचं प्रमाणपत्र मी सोनेरी चौकटीत, दिवाणखान्यात अगदी मधोमध टांगलं. त्यावरचं एकही अक्षर मला वाचता येत नाही, त्यामुळं ते जास्तच थोर वाटतं.

सूनबाई जनावरांची डॉक्टर. इथल्याच विद्यापीठात, रोज दोन बस बदलून शिकलेली. वर सुवर्णपदक! तिची पदवी कपाटावर, जास्तीच्या उशांमागं.

"आई, एक खिळा माझ्यासाठीपण मारा ना," ती एकदा म्हणाली होती.

"बघू हं," मी म्हटलं होतं.

बिचारी स्कूटरच्या डिकीतून दवाखाना चालवायची. तळमजल्यावरची खोली मिळावी म्हणून तिनं घराच्या मालकीणबाईंना अर्ज लिहिला. खाली सही नुसती 'डॉक्टर' आणि आडनाव. नेऊन दिला मात्र मुलानं. घोळाचं बी तिथंच पडलं!

मालकीणबाई रोज सव्वानऊला, कुत्र्याला फिरवून परतताना, आमच्याकडं टेकायच्या. एरवी आमची गाठच पडत नसे. मुलगा, सून तेव्हा कामावर गेलेली. आम्ही या घरात येऊन आठ महिने झाले होते, आणि आठ महिन्यांत मालकीणबाईंनी माझ्याजवळ मन असं मोकळं केलं होतं की काही विचारू नका! नवऱ्याचं घोरणं, धाकट्या जावेचे डाव, स्वतःचं खरं वय, सगळं! मी प्रसन्न चेहऱ्यानं माळ ओढत असे. मनात म्हणे, बघा, साधनेचा प्रभाव!

त्या दिवशी सुट्टी होती. सूनबाई न्हाणीघरात केस धूत होती, मुलगा पुस्तकात बुडालेला. सव्वानऊऐवजी साडेनऊ उलटल्यावर मालकीणबाई आल्या त्या ओरडतच.

"डॉक्टरसाहेब! आमच्या सरदारला बघा हो!"

सरदार म्हणजे त्यांचा कुत्रा. वासराएवढा! तोंडातून लाळ गळतेय, दोन्ही पंजांनी थोबाड खरवडतोय. मुलगा खुर्चीवर चढला.

"मी? अहो, डॉक्टर ती आहे, माझी बायको!"

"पुरे तो विनय! त्या इथं शिकलेल्या, हो ना? आणि भिंतीवर हे काय लटकलंय मग?" त्यांनी सोनेरी चौकटीकडं बोट दाखवलं. "काय हो ताई?"

मी प्रसन्न चेहरा ठेवला. दुसरं करणार काय?

"बघा! आईसुद्धा हसल्या!"

"अहो, माझा विषय स्नानगृहं आहे!" मुलगा कळवळला. "स्नान! आंघोळ!"

"म्हणजे याला आंघोळ घालायची?" मालकीणबाईंचे डोळे चमकले. "हेच! हेच ते परदेशी ज्ञान! इथले नुसत्या गोळ्या देतात!"

आणि सरदारला ओढत त्या न्हाणीघराच्या दारावर धडकल्या. सरदारनं आंघोळीचा वास ओळखला असावा. तो मागं फिरला, साखळी टेबलाच्या पायात अडकली, आणि टेबल सरदारच्या मागून घरभर हिंडू लागलं! मुलगा खुर्चीवरून कपाटावर गेला. उशा धबाधब खाली आल्या, त्यांच्यामागून सूनबाईची पदवी.

तेवढ्यात दार उघडलं. डोक्याला पंचा गुंडाळलेली सूनबाई बाहेर आली. तिनं एकवार सरदारकडं पाहिलं, खाली बसली, त्याच्या कानामागं खाजवत म्हणाली, "ये रे राजा. आ कर बघू." आणि मग, "अरे, कपाटावरून उतर आणि तो भुवयांचा चिमटा दे!"

वरच्या दाढांमध्ये आडवी अडकलेली बोटभर काडी तिनं अलगद काढली. सरदारनं तिचं तोंड चाटलं. दहा सेकंद लागले असतील!

"वा!" मालकीणबाई म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, कंपाउंडर छान तयार केलीत हो! खोली पक्की. तुमच्या नावानं कागद करते. या राहतील हाताखाली."

सूनबाईनं खाली पडलेली पदवी उचलली, ओल्या पंच्यानं पुसली आणि पुन्हा कपाटाकडं निघाली.

मी घड्याळाकडं पाहिलं. दहाला बारा मिनिटं कमी. अकरा वर्षं! देवा, क्षमा कर.

"डॉक्टर ती आहे!" मी अशी किंचाळले की सरदार टेबलासकट सोफ्यामागं गेला. "सुवर्णपदक आहे तिला! इथलं असलं म्हणून काय झालं? तुमचा कुत्रा काय परदेशात आजारी पडला होता?"

मालकीणबाईंनी छातीवर हात ठेवला.

"ताई... तुम्ही मुक्या नाही?"

"नाही हो! नऊ ते दहा माझं मौन असतं!"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "मग मी आठ महिने जे सांगितलं..."

त्यांना धीर द्यावा म्हणून मी अगदी हळुवारपणे म्हटलं, "घाबरू नका. मला शब्द न् शब्द आठवतोय. पण मी कुणाला सांगणार नाही."

देवाशपथ, धीर देण्यासाठीच म्हटलं! पण मालकीणबाईंनी सूनबाईच्या नावाचा कागद दुपारच्या आतच वर पाठवला.

आता तिची पदवी दवाखान्यात झळकते. खिळा मी स्वतः मारला. आणि मुलाचं प्रमाणपत्र त्यानं स्वतःच न्हाणीघराबाहेर लावलं. म्हणाला, "आई, त्याची योग्य जागा हीच!" मोडलेल्या नेमाचं प्रायश्चित्त म्हणून मी आठवडाभर रोज दोन तास मौन धरलं. पण तेव्हापासून मालकीणबाई सव्वानऊला येतच नाहीत. त्यांच्या धाकट्या जावेनं कपाटाची किल्ली कुठं लपवली, ते कळायचं राहून गेलं ते गेलंच.

गेल्या आठवड्यात सूनबाईनं मला डोळे तपासायला नेलं. नवीन डॉक्टरीण, वयानं अगदी लहान. माझ्या तोंडून निघून गेलं, "का गं, तू शिकलीस कुठं? इथंच का?"

सूनबाईनं माझ्याकडं पाहिलं. नुसतं पाहिलं.

मी चटकन माळ काढली, डोळे मिटले आणि चेहरा प्रसन्न केला.

"आई," ती म्हणाली, "दुपारचे चार वाजलेत."