रिकामा तवा आणि फिझाचा पोपट

दुबईजवळच्या अल मजाजमधल्या घरी विजयकुमारांनी आम्लेटसाठी नॉनस्टिक तवा गॅसवर ठेवला आणि तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या कारखान्यात ते ॲल्युमिनियमच्या तव्यांवर हाच न चिकटणारा थर चिकटवायचं काम करत. एका गिऱ्हाइकाच्या तव्यांचा थर सुटला होता. फोन घेऊन ते बाल्कनीत गेले आणि थकल्या आवाजात समजावू लागले, की हा फ्लोरिन आणि कार्बनचा थर आहे, रिकामा तवा फार तापवला की त्याचं धातूवरच विघटन होतं, विषारी वायू सुटतो. लोकांना हे किती वेळा सांगायचं?

आत आले तेव्हा स्वयंपाकघरातून उग्र वास येत होता.

या वायूने माणसाला बहुधा ताप भरतो, पक्षी मात्र बघता बघता मरतो, हे त्यांना पाठ होतं. आणि हॉलमध्ये शेजारच्या फिझाचा पोपट होता. लाहोरला माहेरी जाताना तिने मोठ्या विश्वासाने तो त्यांच्याकडे ठेवला होता.

गॅस बंद करून, बाल्कनीचं दार सताड उघडून विजयकुमार पिंजऱ्यासकट निघाले. लिफ्ट येईना, म्हणून जिने उतरले. खाली ऑगस्टचं ऊन होतं, म्हणून गाडीत एसी लावून बसले. पोपट ठीक होता.

भाजी घेऊन आलेल्या त्यांच्या बायकोने, मंजुषाने, काच ठोठावली. त्यांनी सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"आणि सृष्टी?"

विजयकुमार पिंजरा उचलून गाडीतून उतरले. लेक आपल्या खोलीत अभ्यास करत होती.

मंजुषाने फोन लावला, तो कोणी उचलेना. दोघं धावत वर गेले. खोलीचं दार बंद, खिडकी उघडी, कानांवर हेडफोन. सृष्टीने मान वर केली.

"बाबा, डिड यू बर्न समथिंग?"

विजयकुमार तिथेच पलंगावर बसले. पिंजरा अजून त्यांच्या हातातच होता.

मंजुषाने फिझाला फोन करून काहीही न लपवता सगळं सांगितलं, लेक विसरल्याचंसुद्धा. फिझाने फोन विजयकुमारांकडे द्यायला सांगितलं.

"भाईसाब, अपनी बच्ची छोड़के मेरे मिठ्ठू को बचाया?"

आणि निर्धास्त होऊन तिने परतीचं तिकीट महिनाभर पुढे ढकललं.